शहाऐंशी जणांचं गणित

२७ एप्रिल १८७५. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्या संध्याकाळी घोड्यांच्या पैदाशीचा विषय होता आणि चर्चा ऐकायला व्हिक्टोरिया राणीचे थोरले चिरंजीव, प्रिन्स ऑफ वेल्स, सज्जात येऊन बसले होते. तेवढ्यात एक बुटका, पाठीला पोक असलेला खासदार उठला. त्याचं नाव जोसेफ बिगर. बेलफास्टमध्ये त्याचा डुकराच्या मांसाचा व्यापार होता आणि कॅव्हन परगण्यातून तो निवडून आला होता. सज्जात परके लोक दिसताहेत, एवढंच त्यानं सभापतींच्या कानावर घातलं. जुन्या नियमानुसार कुणाही एका सभासदानं असं म्हटलं की सज्जा रिकामा करावाच लागे. कोण बसलंय, हे पाहायची सोय नव्हती. इंग्लंडचा भावी राजा मुकाट्यानं उठून बाहेर गेला. पंतप्रधान डिझरेलींनी घाईघाईनं ठराव आणून तो नियम त्या दिवसापुरता बाजूला ठेवला, आणि महिन्याभरात नियमच बदलण्यात आला.

बिगरनं काही तोडलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, कायद्याबाहेर तर पाऊलही टाकलं नव्हतं. सभागृहाचाच नियम त्यानं सभागृहाला शब्दशः लावून दाखवला होता. पुढची चाळीस वर्षं आयर्लंडच्या राष्ट्रवादी खासदारांनी हेच केलं. त्यांची मागणी होती वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटमधून आपला कारभार घरी नेण्याची. पण त्या पार्लमेंटची चर्चा कशी चालावी, ती कुणी थांबवावी, वरिष्ठ सभागृहाच्या हातात किती सत्ता असावी, हे सगळं नव्यानं ठरवायला तिला भाग पाडलं ते याच बाहेर निघालेल्या मंडळींनी. जगाच्या संसदीय इतिहासात मला याहून नवलाची गोष्ट आढळलेली नाही.

डब्लिनला पूर्वी स्वतःचं पार्लमेंट होतं. १ जानेवारी १८०१ पासून ते संपलं आणि आयर्लंडचे शंभर खासदार लंडनला जाऊन बसू लागले. साडेसहाशेंच्या सभागृहात शंभर! मधल्या काळात १८४५ पासूनचा बटाट्याचा दुष्काळ झाला, दहा लाखांच्या घरात माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली, आणि लंडनमध्ये बसून आयर्लंड चालत नाही ही खूणगाठ सामान्य माणसाच्या मनात पक्की बसली. १८७० मध्ये आयझॅक बट या बॅरिस्टरानं त्या भावनेला ‘होमरूल’ हे नाव देऊन संघटना उभी केली. बट प्रोटेस्टंट. तरुणपणी ब्रिटनशी असलेल्या एकीचा कट्टर कैवारी. पुढे सशस्त्र बंडातल्या कैद्यांची वकिली करता करता त्याचं मत पालटलं.

मागणी तशी नेमस्तच होती. राजा तोच, सैन्य तेच, परराष्ट्र धोरण लंडनचंच. फक्त शाळा, रस्ते, जमिनी, न्यायालयं असला घरचा कारभार डब्लिनला बसून करू द्या. कॅनडाला त्या वेळी मिळालेले हक्क याहून कितीतरी मोठे होते.

बटची रीत सभ्य होती. दरवर्षी ठराव मांडायचा, तो पडू द्यायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मांडायचा. बिगरला हे कधी पटलं नाही. इंग्रजांना आपलं ऐकायचं नसेल तर त्यांना त्यांचंही काही करू द्यायचं नाही, एवढा सरळ त्याचा हिशेब. कॉमन्समध्ये बोलण्याला वेळेची मर्यादा नव्हती, चर्चा सक्तीनं बंद करण्याचा नियमही नव्हता. आपण सगळे सभ्य गृहस्थ आहोत, कुठं थांबायचं ते प्रत्येकाला कळतं, या एका गृहीतावर पाचशे वर्षं काम चाललं होतं. ते गृहीत बिगरनं मोडलं. १८७५ च्या त्याच एप्रिलच्या २२ तारखेला आयर्लंडसाठीच्या दडपशाहीच्या विधेयकावर तो जवळजवळ चार तास बोलला; बोलला म्हणजे सरकारी अहवालांतले उतारेच्या उतारे वाचत राहिला. आवाज ऐकू येत नाही अशी सभापतींनी तक्रार केली, तेव्हा कागदांचा गठ्ठा आणि पाण्याचा पेला उचलून तो त्यांच्या जवळ जाऊन उभा राहिला, अशी आठवण सांगतात. त्याच रात्री एका नव्या, अबोल खासदारानं सभागृहात पहिल्यांदा आसन घेतलं. तो चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल.

पार्नेल हा माणूस म्हणजे एक कोडंच आहे. कॅथलिक शेतकऱ्यांचा हा पुढारी स्वतः प्रोटेस्टंट आणि वर जमीनदार. विक्लो परगण्यातल्या एव्हनडेलचा वाडा त्याचा. केंब्रिजला शिकला, पण पदवी न घेताच परतला. आई अमेरिकन, तिच्या वडिलांनी १८१२ च्या युद्धात अमेरिकेच्या आरमारातून ब्रिटिशांशी झुंज दिलेली. सुरुवातीला भाषण करताना तो अडखळायचा, ओठ थरथरायचे. शकुन-अपशकुन मानण्यात मात्र तो कुणाला हार गेला नसता. हिरवा रंग त्याला अशुभ वाटे. आयर्लंडच्या राष्ट्रवादाचा नेता आणि हिरव्या रंगाला भ्यायचा! पण थंड डोक्याची अडवणूक कशी करायची हे त्यानं बिगरकडून उचललं आणि पुढं त्या कलेत गुरूला मागं टाकलं.

या अडवणुकीचा कळस झाला तो १८८१ मध्ये. गावोगाव जमीन लीगची चळवळ पेटली होती, कुळं खंड द्यायला नकार देत होती, आणि खटल्यावाचून तुरुंगात टाकण्याचा अधिकार देणारं विधेयक सरकारनं आणलं होतं. ३१ जानेवारीला, सोमवारी दुपारी बैठक सुरू झाली. आयरिश खासदारांनी पाळ्या लावून घेतल्या. काहींनी बोलायचं, काहींनी झोप काढायची. सोमवारची रात्र गेली, मंगळवार गेला, मंगळवारची रात्रही गेली. बुधवारी सकाळी, एक्केचाळीस तासांनंतर, सभापती हेन्री ब्रँड यांनी पूर्वी कुठल्याही सभापतीनं केली नव्हती अशी गोष्ट केली. कुठल्याही नियमाचा आधार नसताना, केवळ स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी चर्चा थांबवली आणि प्रश्न मताला टाकला. आयरिश सभासद हक्कभंगाच्या आरोळ्या ठोकत बाहेर पडले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापैकी छत्तीस जण निलंबित झाले.

१८८२ मध्ये चर्चाबंदीचा रीतसर नियम झाला. १८८७ मध्ये आणखी एका दडपशाहीच्या विधेयकासाठी, ठरलेल्या वेळी उरलेली सगळी कलमं एकदम मताला टाकण्याची पद्धत निघाली. तिला लोक गिलोटिन म्हणू लागले. आपल्या लोकसभेत अर्थसंकल्पाच्या अखेरीस चर्चा न झालेल्या मागण्या एका फटक्यात मंजूर होतात, तेव्हा वर्तमानपत्रांत हाच शब्द छापून येतो. त्या पात्याला पहिली धार लावली गेली ती आयरिश खासदारांसाठी.

अडवणुकीनं गाडी थांबते, पण हव्या त्या दिशेला वळत नाही. पार्नेलला हे उमजलं होतं. सरकार कुणाचं यायचं हे ठरवण्याइतकी एकगठ्ठा मतं हाती असल्याशिवाय काही मिळणार नव्हतं, आणि त्यासाठी त्या काळी कुठंच नव्हती अशी वस्तू त्यानं घडवली: शिस्तीचा पक्ष. १८८४ पासून प्रत्येक उमेदवाराकडून प्रतिज्ञा लिहून घेतली जाऊ लागली. पक्षाबरोबर बसेन, पक्षाबरोबर वागेन, पक्षाबरोबर मत देईन. आणि मी तसं केलं नाही असं बहुमतानं ठरलं तर खासदारकी सोडेन. इंग्लंडमधल्या पक्षांत तेव्हा खासदार आपल्या मर्जीचा मालक असे. दुसरी क्लृप्ती पैशाची. ब्रिटनमध्ये खासदारांना १९११ पर्यंत पगारच नव्हता, म्हणून राजकारण हा श्रीमंतांचा खेळ होता. आयरिश पक्षानं अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या देशबांधवांकडून निधी उभा केला आणि गरीब खासदारांना त्यातून मानधन दिलं. दुकानदार, पत्रकार, शेतकऱ्यांची पोरं वेस्टमिन्स्टरला पोचली. १८७२ पासून मतदान गुप्त झालं होतं, त्यामुळे कुळाच्या मतावर जमीनदाराचा डोळा राहिला नव्हता. त्यातच १८८४ च्या कायद्यानं आयर्लंडमधले मतदार तिपटीहून जास्त वाढले.

आणि मग १८८५ च्या अखेरीस निवडणूक झाली. लिबरल पक्ष ३३५. हुजूर पक्ष २४९. पार्नेलचे ८६, त्यातला एक लिव्हरपूलहून आलेला. वजाबाकी करून पाहा: ३३५ उणे २४९ म्हणजे बरोबर ८६. एकही जागा इकडे नाही, तिकडे नाही. पार्नेलनं हुजूर पक्षाच्या पारड्यात वजन टाकलं तर दोन्ही बाजू समसमान, लिबरलांच्या पारड्यात टाकलं तर भक्कम बहुमत. गणिताच्या मास्तरांनी मुद्दाम उदाहरण घातलं असतं तरी इतकं नेमकं उत्तर आलं नसतं.

डिसेंबरात लिबरल नेता ग्लॅडस्टन याच्या मुलाच्या तोंडून बातमी फुटली की वडिलांचा कल होमरूलकडे झुकला आहे. अडला हरी म्हणून पार्नेलचे पाय धरले, असं विरोधक म्हणाले. मला ते अर्धंच खरं वाटतं. शहात्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्यानं आयर्लंडचा प्रश्न आपलं आयुष्यकार्य मानलं होतं, आणि पुढं या एका गोष्टीपायी त्यानं स्वतःचा पक्ष फुटू दिला. केवळ सत्तेसाठी हपापलेला माणूस असा सौदा करत नाही. ८ एप्रिल १८८६ ला त्यानं विधेयक मांडलं. ८ जूनला ते पडलं. ३४१ विरुद्ध ३११, आणि विरोधात मत देणाऱ्यांत नव्वदहून अधिक त्याच्याच पक्षाचे.

त्या विधेयकातला एक पेच फार गमतीचा आहे, आणि ब्रिटनला तो आजही सुटलेला नाही. डब्लिनला स्वतःचं विधिमंडळ दिलं, मग लंडनमधल्या आयरिश खासदारांचं करायचं काय? त्यांना काढून टाकलं तर आयर्लंडवर कर बसवणाऱ्या सभेत आयर्लंडचा माणूसच नाही. ठेवलं, तर ते इंग्लंडच्या शाळांवर मत देणार, आणि इंग्रज मात्र आयर्लंडच्या शाळांवर ब्र काढू शकणार नाहीत. पहिल्या विधेयकानं त्यांना पार काढून टाकलं होतं. १८९३ च्या दुसऱ्यानं ऐंशी ठेवले. १९१२ च्या तिसऱ्यानं बेचाळीस. तीन वेळा प्रश्न सोडवला आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं!

पार्नेलची गच्छंती सांगायला एक वेगळा लेख लागेल. राजकीय खुनांना त्याची फूस होती असं दाखवणारी पत्रं ‘टाइम्स’नं १८८७ मध्ये छापली. चौकशीत उघड झालं की ती रिचर्ड पिगॉट नावाच्या माणसानं बनवली होती, आणि तो पकडला गेला तो स्पेलिंगच्या चुकीमुळे. १८८९ मध्ये पार्नेल सभागृहात शिरला तेव्हा लिबरल खासदार उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८९० मध्ये, कॅप्टन ओशे यांच्या घटस्फोटाच्या खटल्यात त्याचं नाव आलं. तो नेता राहिला तर माझं नेतृत्व संपल्यात जमा आहे, असं ग्लॅडस्टननं कळवलं. समिती कक्ष क्रमांक १५ मध्ये पक्षाची कित्येक दिवस वादळी बैठक चालली. शेवटी बहुसंख्य सभासद बाहेर पडले, पार्नेलजवळ तिसांहून कमी उरले. प्रतिज्ञेनं बांधलेला पक्ष असा दुभंगला आणि दहा वर्षं जोडला गेला नाही. पार्नेल ऑक्टोबर १८९१ मध्ये वारला. वय पंचेचाळीस.

ग्लॅडस्टन हटला नव्हता. १८९२ मध्ये आयरिश मतांच्या आधारानं तो चौथ्यांदा पंतप्रधान झाला. त्याच निवडणुकीत लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून मुंबईचे दादाभाई नौरोजी हातावर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले. आयरिश पुढाऱ्यांशी दादाभाईंचा संबंध जुना होता. १८९४ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब हे वॉटरफर्डमधून निवडून आलेले आयरिश होमरूलवादी खासदार होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला आठवत नाही. दुसरं विधेयक कॉमन्समध्ये ३०१ विरुद्ध २६७ असं पास झालं. मग सप्टेंबर १८९३ मध्ये ते वरिष्ठ सभागृहाकडं, म्हणजे लॉर्ड्सकडं गेलं. एरवी आपल्या जहागिरीवर शिकारीत दंग असणारे सरदार लंडनला धावले. निकाल ४१९ विरुद्ध ४१.

हा अडसर सरकायला सतरा-अठरा वर्षं लागली. १९०० मध्ये पक्ष एक झाला, नेता जॉन रेडमंड. पार्नेलपेक्षा मवाळ, वक्तृत्वात सरस. १९१० च्या दोन निवडणुकांत लिबरल आणि हुजूर पक्ष जवळपास बरोबरीत सुटले आणि तराजूचा काटा पुन्हा आयरिश हातात आला. अर्थमंत्री लॉइड जॉर्जच्या ज्या अर्थसंकल्पावरून लॉर्ड्सशी भांडण पेटलं होतं तो आयरिश खासदारांना मुळीच आवडला नव्हता. त्यात व्हिस्कीवरचा कर वाढवलेला! तरीही रेडमंडनं मतं दिली, पण किंमत वसूल करून. १९११ च्या पार्लमेंट कायद्यानं लॉर्ड्सचा नकाराधिकार गेला. कॉमन्सनं एकच विधेयक लागोपाठ तीन अधिवेशनांत पास केलं की ते लॉर्ड्सना डावलून कायदा होणार. शतकानुशतकांची सरदारशाही कामगारांच्या संपानं किंवा क्रांतीनं झुकली नव्हती. बजेट, होमरूल आणि ब्याऐंशी-चौऱ्याऐंशी आयरिश मतं यांनी ती झुकवली.

एप्रिल १९१२ मध्ये तिसरं विधेयक आलं. आता गणित पक्कं होतं. पण या मंडळींनी आयुष्यभर लंडनचीच बेरीज-वजाबाकी केली होती, अल्स्टरची केली नव्हती, आणि माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी चूक तीच. ईशान्येकडच्या प्रोटेस्टंटांना डब्लिनचं राज्य म्हणजे कॅथलिक चर्चचं राज्य वाटत होतं. बेलफास्टची जहाजबांधणी आणि लिननचे कारखाने यांचं पोट ब्रिटिश बाजारावर चालत होतं. होमरूलवाले म्हणत राहिले की हा कांगावा आहे, हुजूर पक्षाची फूस आहे. २८ सप्टेंबर १९१२ ला होमरूलविरोधी पुढारी एडवर्ड कार्सनच्या मागं बायका-पुरुष मिळून साडेचार लाखांहून अधिक लोकांनी विरोधाच्या शपथपत्रांवर सह्या केल्या. एप्रिल १९१४ मध्ये लार्न बंदरात रातोरात सुमारे पंचवीस हजार रायफली उतरल्या. त्याआधी मार्चमध्ये ‘करा’ नावाच्या छावणीतल्या साठेक लष्करी अधिकाऱ्यांनी सांगून टाकलं होतं की अल्स्टरवर चाल करण्यापेक्षा आम्ही नोकरी सोडू.

बरं, अल्स्टर तरी एकजिनसी होतं का? नऊ परगण्यांच्या त्या प्रांतात तेहतीस जागा, आणि १९१३ च्या सुरुवातीला डेरी शहराची पोटनिवडणूक होमरूलवाल्यांनी जिंकल्यावर सतरा जागा होमरूलच्या बाजूच्या, सोळा विरोधी! जुलै १९१४ मध्ये राजानं दोन्ही पक्षांना बकिंगहॅम राजवाड्यात एकत्र बसवलं. चार दिवसांची ती बोलणी फरमॅना आणि टिरोन या दोन परगण्यांवर येऊन अडली. दोन्हीकडं कॅथलिक थोडे जास्त, आणि रेघ कुठंही ओढली तरी हजारो माणसं चुकीच्या बाजूला जाणार.

तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. १८ सप्टेंबर १९१४ ला होमरूलच्या विधेयकावर राजाची सही झाली आणि त्याच दिवशी, युद्ध संपेपर्यंत ते अमलात आणू नये, असाही कायदा झाला. चव्वेचाळीस वर्षांची मागणी मान्य होऊन खुंटीला टांगली गेली. दोनच दिवसांनी रेडमंडनं वुडनब्रिजला आयरिश स्वयंसेवकांना ब्रिटिश सैन्यात जाण्याचं आवाहन केलं. एकाच खंदकात लढलेले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परत येऊन वेगळे राहणार नाहीत, हा त्याचा विश्वास. त्याचा खासदार भाऊ विली वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, जून १९१७ मध्ये, बेल्जियममधल्या मेसीन इथं लढताना पडला.

एप्रिल १९१६ चा शेवटचा आठवडा तर चक्रावून टाकणारा आहे. सोमवारी, २४ तारखेला डब्लिनमध्ये मूठभर क्रांतिकारकांनी मुख्य टपाल कचेरी ताब्यात घेऊन प्रजासत्ताक जाहीर केलं. शुक्रवारी, २८ तारखेला त्या जळत्या कचेरीतून त्यांना बाहेर पडावं लागलं. त्याच २८ एप्रिलला इकडं बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस, केळकरांनी तर त्याआधी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला होता. आयर्लंडमध्ये ज्या शब्दाला घरघर लागली होती तो शब्द त्याच दिवशी महाराष्ट्रात ताज्या दमानं कामाला लागला.

मे महिन्यात ब्रिटिशांनी पंधरा पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या. सरकार आमचं आयुष्यभराचं काम रक्तात बुडवतंय, अशा आशयाचं भाषण रेडमंडचा सहकारी जॉन डिलननं कॉमन्समध्ये जीव तोडून केलं. कुणी ऐकलं नाही. रेडमंड मार्च १९१८ मध्ये गेला. एप्रिलमध्ये आयर्लंडवर सक्तीची सैन्यभरती लादायचा कायदा झाला आणि डिलन आपल्या खासदारांना घेऊन सभागृहातून निघून आला. डिसेंबरच्या निवडणुकीत आयर्लंडमध्ये पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेनला ७३ जागा मिळाल्या, होमरूलविरोधी युनियनवाल्यांना २६, पार्नेलच्या पक्षाला ६. गंमत म्हणजे मतं त्यांना पाचव्या हिश्शाहून जास्त पडली होती. ज्या निवडणूक पद्धतीनं एकेकाळी त्यांना शहाऐंशी जागा दिल्या तिनंच या वेळी सहावर आणून ठेवलं.

१९२० च्या कायद्यानं आयर्लंडचे दोन भाग करून दोघांनाही एकेक होमरूल पार्लमेंट दिलं. दक्षिणेच्या कनिष्ठ सभागृहात १२८ जागा होत्या. शिन फेननं १२४ बिनविरोध जिंकल्या आणि बहिष्कार टाकला. जून १९२१ मध्ये चौघे सभासद जमले, त्यांनी सभापती निवडला आणि बैठक तहकूब केली. उत्तरेचं पार्लमेंट मात्र त्याच महिन्यात राजानं स्वतः बेलफास्टला जाऊन उघडलं आणि ते १९७२ पर्यंत चाललं. आयर्लंडच्या भूमीवर होमरूल प्रत्यक्षात नांदलं ते एवढंच: सहा परगण्यांत, सुमारे पन्नास वर्षं, आणि ज्यांनी ते कधी मागितलंच नव्हतं त्यांच्या हातून.